विचारलेला प्रश्न आणि लादलेले उत्तर

नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात पंधरा वर्षे रोजंदारीवर झाडू मारणारा कामगार किंवा पाटबंधारे खात्याच्या कालव्यावर तितकीच वर्षे राबलेला मजूर कायम होण्याची मागणी घेऊन न्यायालयाच्या पायऱ्या चढला, की सरकार पक्षाचे वकील हजेरीपट उघडण्याची तसदी न घेता एका नावाचा उच्चार करतात. ते नाव म्हणजे ‘उमादेवी’. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १० एप्रिल २००६ रोजी कर्नाटक सरकारच्या एका अपिलात दिलेला निर्णय या नावाने ओळखला जातो. कामगार चळवळीतील कार्यकर्त्यांच्या कानी हे नाव इतक्या वेळा पडले आहे, की ‘आता दावा लावून उपयोग नाही’ असे पुष्कळांनी मनाशी ठरवूनच टाकले आहे. घटनापीठाने काय म्हटले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला विचारले काय होते, हे पाहण्याचे कष्ट मात्र फार थोड्यांनी घेतले. ज्यांचे ते कर्तव्य होते त्या न्यायालयांनीही पुष्कळदा घेतले नाहीत.

कायद्याचा प्रश्न वरच्या न्यायासनाकडे सोपवण्याची पद्धत आपल्या न्यायव्यवस्थेत जुनी आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११३ प्रमाणे खालचे न्यायालय कायद्याचा एखादा प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवू शकते. उत्तर परत आले की त्याला अनुसरून दाव्याचा निकाल खालचे न्यायालयच देते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४५(३) मध्येही तेच तत्त्व वेगळ्या रूपाने आहे : घटनेच्या अन्वयार्थाचा महत्त्वाचा प्रश्न उद्भवला तर तो किमान पाच न्यायाधीशांनी ऐकावा. दोन्ही ठिकाणी रचना एकच. प्रश्न वर जातो, उत्तर खाली येते, आणि माणसाचा दावा, म्हणजे त्याची हजेरी, त्याचा पगार, त्याची वर्षे, हे सर्व खाली तसेच उभे असते. उत्तर बंधनकारक असते यात शंका नाही, कारण अनुच्छेद १४१ तसे सांगतो. पण ते बंधनकारक असते ते विचारलेल्या प्रश्नापुरते. न्यायनिर्णय हा ज्या मुद्द्याचा प्रत्यक्ष निवाडा करतो त्याचाच आधार होतो, त्यातून तर्काने जे जे काढता येईल त्या सर्वांचा नव्हे, हे इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९०१ मध्ये एका कामगार संघटनेच्याच खटल्यात सांगितले होते, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते पुढे स्वीकारले.

उमादेवी प्रकरणातील कर्मचारी कर्नाटकच्या विक्रीकर खात्यात १९८५-८६ पासून रोजंदारीवर होते. दहा-बारा वर्षांनी ते राज्याच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे गेले आणि तेथे हरले. उच्च न्यायालयाने मात्र त्यांना नियमित करण्याचा विचार करावा असा आदेश सरकारला दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या लहान खंडपीठांचे या विषयावरील निर्णय तोवर परस्परांशी जुळेनासे झाले होते. १९९० साली धारवाड जिल्ह्यातील बांधकाम खात्याच्या रोजंदारी कामगारांच्या प्रकरणात न्यायालयाने त्यांना सेवेत सामावून घेण्याची योजना मान्य करून घेतली होती. १९९२ च्या हरियाणाच्या प्रकरणात हात काहीसा आखडता घेतला गेला. म्हणून प्रश्न घटनापीठाकडे गेला. तो प्रश्न असा : सरकारी पदांवर भरतीचे नियम व जाहीर स्पर्धा डावलून नेमलेल्या माणसांना कायम करावे असा हुकूम उच्च न्यायालये आपल्या अनुच्छेद २२६ खालील विशेषाधिकारात देऊ शकतात काय? न्या. पी. के. बालसुब्रमण्यन यांनी घटनापीठाच्या वतीने उत्तर दिले, की असा हुकूम सामान्यतः देता येणार नाही, कारण त्याने अनुच्छेद १४ व १६ मधील समान संधीचे तत्त्व मोडते.

समाजवाद्यांनी या उत्तराकडे केवळ कामगार संघटनेच्या चष्म्यातून पाहू नये. त्यात तथ्य आहे, आणि ते कडू असले तरी गिळले पाहिजे. रोजंदारीची नेमणूक कोण करतो? कनिष्ठ अभियंता, मुकादम, नगरसेवकाचा माणूस, खात्यातला बडा बाबू. तेथे जाहिरात नसते, गुणवत्तायादी नसते आणि बिंदुनामावलीही नसते. अशा नेमणुका वर्षानुवर्षे सरसकट कायम होत राहिल्या तर राखीव जागांचा हक्क कागदावरच राहतो, आणि गावाकडचा ज्याचा कोणीही वशिला नाही असा तरुण अर्ज भरायलाही पात्र ठरत नाही, कारण अर्जच निघत नाही. मागच्या दाराने आलेल्यांची बाजू घेताना समोरच्या दाराशी रांगेत उभ्या असलेल्यांचा विसर पडू देणे हे समतेच्या राजकारणाला शोभणारे नाही. घटनापीठाने त्या रांगेची आठवण करून दिली, हे योग्यच झाले.

परंतु हे दार मागे ठेवले कोणी? घटनापीठाने येथे जे लिहिले ते मात्र पटणारे नाही. कर्मचाऱ्याने नोकरी तात्पुरती आहे हे जाणून, उघड्या डोळ्यांनी ती पत्करली, असे निर्णयात म्हटले आहे. पोटासाठी काम शोधणारा माणूस बरोबरीच्या नात्याने सौदा करू शकत नसेल, हेही त्याच ओघात मान्य केले आहे, आणि मान्य करून बाजूला ठेवले आहे. दुसऱ्या बाजूला सरकार आहे. त्याला काम बारमाही आहे हे ठाऊक असते, पदे भरायची नाहीत हेही त्यानेच ठरवलेले असते. त्याचेही डोळे उघडेच असतात. दहा वर्षे चालणाऱ्या कामाला ‘तात्पुरते’ म्हणण्याची सोय शब्दकोशात नाही. ती फक्त सरकारी टिप्पणीत आहे.

आता उत्तराचा उरलेला भाग. निर्णयाच्या ५३ व्या परिच्छेदात घटनापीठाने स्पष्ट आज्ञा दिली, की मंजूर पदांवर, आवश्यक पात्रता असलेली, पण नेमणुकीत अनियमितता राहिलेली माणसे दहा वर्षे वा अधिक काळ न्यायालयीन आदेशाच्या आधाराविना काम करीत असतील, तर केंद्र व राज्य सरकारांनी एक वेळचा उपाय म्हणून त्यांना नियमित करण्याची कार्यवाही सहा महिन्यांच्या आत सुरू करावी, आणि उरलेल्या मंजूर पदांवर नियमित भरती करावी. बेकायदेशीर नेमणूक आणि अनियमित नेमणूक यांत घटनापीठाने भेद केला तो येथेच. एवढेच नव्हे, तर ज्या विक्रीकर कर्मचाऱ्यांची मागणी फेटाळली त्यांनाही खात्यातील सर्वात खालच्या श्रेणीच्या वेतनाइतकी मजुरी द्यावी, पुढील भरतीत वयाची अट शिथिल करावी आणि अनुभवाला काही वजन द्यावे, असेही सांगितले. नकार आणि कर्तव्य ही एकाच निर्णयाची दोन अंगे होती. पुढे नकार तेवढा न्यायालयांतून फिरत राहिला. कर्तव्य मंत्रालयांच्या फायलींत गेले आणि तेथेच राहिले.

५३ व्या परिच्छेदात एक अट होती, तिचा उल्लेख येथे केला पाहिजे. न्यायालयाच्या स्थगितीमुळे नोकरीत टिकलेल्यांची वर्षे दहा वर्षांच्या हिशेबात धरायची नव्हती. म्हणजे जो मुकाट्याने राबला त्याची वर्षे भरली, आणि ज्याने काढून टाकण्याविरुद्ध दाद मागून मनाई हुकूम मिळवला त्याची भरली नाहीत. संघटनेच्या सल्ल्याने लढलेल्यांना ही अट विशेष जाचली. लढण्याची अशी किंमत ठरवताना घटनापीठाच्या मनात काय होते, हे निर्णयावरून नीटसे उलगडत नाही.

सहा महिने केव्हाच उलटले. २०१० मध्ये कर्नाटकच्याच दुसऱ्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की एक वेळचा उपाय म्हणजे सरकारने करायची संपूर्ण छाननी होय. ती केलीच नसेल किंवा पात्र माणसे वगळली असतील, तर त्यांचा हक्क मुदत संपली म्हणून संपत नाही. हे सांगणाऱ्या खंडपीठावर न्या. आर. व्ही. रवींद्रन होते. ज्या न्यायालयाने उत्तर दिले त्यानेच उत्तर नीट वाचा असे सांगितले, यापेक्षा अधिक स्पष्टीकरण ते कोणते हवे होते? तरीही पुढील पंधरा वर्षांत असंख्य दावे ‘उमादेवी’च्या पहिल्या अर्ध्या भागावर फेटाळले गेले.

यापेक्षाही गंभीर चूक कामगार कायद्याच्या क्षेत्रात झाली. घटनापीठापुढचा प्रश्न उच्च न्यायालयांच्या रिट अधिकाराचा होता. औद्योगिक न्यायालयाला कायद्याने दिलेल्या अधिकाराचा प्रश्न तेथे सोपवलेलाच नव्हता. महाराष्ट्रात हा भेद जीवनमरणाचा आहे. १९७१ च्या महाराष्ट्र कामगार संघांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबतच्या अधिनियमात, चौथ्या अनुसूचीतील सहाव्या बाबीत, कामगारांना कायम कामगाराचा दर्जा व लाभ मिळू नयेत या हेतूने वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक वा तात्पुरते म्हणून ठेवणे ही अनुचित प्रथा ठरवली आहे, आणि कलम ३० ने ती थांबवण्यासाठी योग्य तो आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला दिला आहे. मालकाच्या हेतूचा हा शोध आहे. त्यात साक्षीपुरावे होतात, हजेरीपट मागवले जातात, मुकादमाची उलटतपासणी होते. रिट अर्जात यांपैकी काही होत नाही. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावणे म्हणजे एकाच्या दाव्याचा हुकूमनामा दुसऱ्याच्या दारावर चिकटवण्यासारखे आहे. परंतु उत्तर प्रदेशच्या वीज महामंडळाच्या प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच एका खंडपीठाने उमादेवीचे तत्त्व औद्योगिक न्यायनिर्णयालाही लागू केले. मग खालच्या न्यायालयांना दोष द्यायचा तरी किती?

ही गाठ सुटली ती महाराष्ट्रातील एका प्रकरणात. राज्य परिवहन महामंडळाच्या बसगाड्यांची साफसफाई करणाऱ्या कामगारांचा प्रश्न घेऊन कास्ट्राईब राज्य परिवहन कर्मचारी संघटना औद्योगिक न्यायालयात गेली होती. तेथून तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, आणि महामंडळाने अर्थातच उमादेवीचा आधार घेतला. २८ ऑगस्ट २००९ रोजी न्या. आर. एम. लोढा यांनी लिहिलेल्या निर्णयाने सांगितले, की १९७१ च्या अधिनियमाखालील औद्योगिक व कामगार न्यायालयांच्या अधिकारांचा विचार उमादेवीत झालेलाच नव्हता. अनुचित प्रथा सिद्ध झाली असेल, तर कायम करण्याचा आदेश देण्याची त्यांची शक्ती त्या निर्णयाने हिरावली गेलेली नाही. ज्या निर्णयावर भिस्त ठेवली जाते त्याच्यापुढे कोणता प्रश्न होता, येथून या निर्णयाने सुरुवात केली. खालच्या न्यायालयांनी पहिल्याच दिवशी हेच करायला हवे होते. पुढे २०१४ मध्ये अन्न महामंडळाच्या प्रकरणात न्यायालयाने २००७ आणि २००९ या दोन निर्णयांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला : केवळ पुष्कळ वर्षे काम केले म्हणून कायमपण नाही, पण अनुचित प्रथा किंवा बरोबरीच्या कामगारांत भेदभाव सिद्ध झाला तर आहे.

तथापि कास्ट्राईब निर्णयात एक वाक्यांश आहे आणि मालकांच्या वकिलांनी तो तत्काळ हेरला : कामगार ज्या पदांवर काम करीत आहेत ती पदे अस्तित्वात असली पाहिजेत. या अटीचे मूळ राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या २००१ सालच्या प्रकरणात सापडते. तेथे विद्यापीठाचे म्हणणे होते, की पदे मंजूर करणे सरकारच्या हाती आहे आणि सरकार ती मंजूर करीत नाही. न्यायालयाने ते मान्य केले. पदेच नसताना कायम न करणे ही विद्यापीठाची अनुचित प्रथा म्हणता येणार नाही असे ठरवले. विद्यापीठ सरकारकडे बोट दाखवते, सरकार तिजोरीकडे दाखवते, आणि शेतावर पीक मात्र दरवर्षी त्याच मजुरांच्या हातांनी उभे राहते. पद नाही, पण काम आहे! अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मागणीचा पुरावा म्हणून काम पुरेसे धरले जाते. सरकारी आकृतिबंधात मात्र नाही. अशी परिस्थिती अटळ नव्हती. कालेलकर निवाडा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९६७ च्या व्यवस्थेने याच महाराष्ट्रात बांधकाम व पाटबंधारे खात्यांतील रोजंदारी मजुरांना पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर रूपांतरित अस्थायी आस्थापनेवर घेण्याची वाट काढली होती. तेव्हाचे राज्य आजच्यापेक्षा श्रीमंत होते असे कोणी म्हणणार नाही.

येथे प्रश्नाचे आर्थिक मूळ लक्षात येते. रोजंदारीची मजुरी आस्थापनेच्या खर्चात न दिसता आकस्मिक खर्चात वा कामाच्या खर्चात दिसते. तिला वेतनवाढ लागत नाही, निवृत्तिवेतनाचे दायित्व लागत नाही. वित्तीय तुटीचे आकडे सभ्य ठेवण्याचा हा सर्वात सोपा मार्ग आहे, आणि सेवकभरतीवर बंदी घालणाऱ्या प्रत्येक सरकारने, रंग कोणताही असो, तो वापरला आहे. अर्थसंकल्पातील ही बचत कामगाराच्या म्हातारपणातून वळती केलेली असते. २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समान काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणीचा किमान टप्पा मिळालाच पाहिजे असे ठरवले, तेव्हा या बचतीच्या मुळावरच घाव पडला होता. परंतु त्या निर्णयाचा उच्चार न्यायालयांत ‘उमादेवी’च्या शतांशानेही ऐकू येत नाही.

निर्णय कसे लागू होतात याचे एक उदाहरण गाझियाबादचे आहे. तेथील महानगरपालिकेच्या उद्यान विभागातील माळ्यांना २००५ मध्ये काढून टाकण्यात आले. एकाच पालिकेचे माळी, एकच काम. त्यांचे वाद कामगार न्यायालयात गेले, तेव्हा काहींना ३० टक्के मागील वेतनासह परत घेण्याचा आदेश मिळाला आणि इतरांचे दावे फेटाळले गेले. उच्च न्यायालयाने पुन्हा रोजंदारीवरच ठेवण्याचा मध्यममार्ग काढला. अखेर ३१ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निम्म्या मागील वेतनासह कामावर घेण्यास व नियमित करण्याच्या दिशेने पावले टाकण्यास सांगितले, आणि पिळवणुकीच्या नेमणुकांसाठी उमादेवीची ढाल करता येणार नाही असेही बजावले. बडतर्फीपासून वीस वर्षे! त्याच्या महिनाभर आधी, २० डिसेंबर २०२४ रोजी, केंद्रीय जल आयोगाच्या फरीदाबाद येथील सफाई कामगार स्त्रियांच्या प्रकरणात न्यायालयाने अधिक कठोर भाषा वापरली होती. सरकारी खाती उमादेवीचा निवडक भाग उद्धृत करून तो निर्णय कामगारांविरुद्ध शस्त्र म्हणून वापरत आहेत, असा त्याचा आशय होता. या स्त्रियांचा अर्ज प्रशासकीय न्यायाधिकरणाने फेटाळला आणि काही महिन्यांतच त्यांना कामावरून काढले गेले होते. उच्च न्यायालयानेही त्यांना दाद दिली नाही.

आणि १९ ऑगस्ट २०२५ रोजी राहुरीतील प्रश्नच उत्तर प्रदेशातून पुन्हा पुढे आला. तेथील उच्च शिक्षण सेवा आयोगात १९८९ ते १९९२ या काळात लागलेले रोजंदारी कर्मचारी. आयोग पदे मागतो, सरकार आर्थिक अडचणीचे कारण देऊन नाकारते. न्यायालयाने सरकारचा हा नकार तपासला आणि तो मनमानी ठरवला. गरज पडल्यास अधिसंख्य पदे निर्माण करून त्यांना नियमित करा, असा आदेश दिला. राज्य हे घटनेने बांधलेले मालक आहे, आपल्या जमाखर्चाचा तोल ते सर्वात खालच्या कामगाराच्या पाठीवर सांभाळू शकत नाही, अशा आशयाचे त्यातील विधान प्रत्येक संघटनेच्या कार्यालयात लावण्यासारखे आहे.

मात्र यावर हुरळून जाण्याचे कारण नाही. हे सारे दोन न्यायाधीशांच्या खंडपीठांचे निर्णय आहेत आणि समोर घटनापीठ उभे आहे. २००७ मध्ये एका खंडपीठाने उमादेवी यांत्रिकपणे लावू नये असे म्हटले होते, तेव्हा पुढच्याच वर्षी दुसऱ्या खंडपीठाने न्यायिक शिस्तीचा दाखला देत ते मत बाजूला सारले. २०२० मध्ये तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या प्रकरणात, कामगारांच्या बाजूने २०१५ मध्ये दिलेल्या एका निर्णयाचा मोठ्या पीठाने फेरविचार करावा, असे मत नोंदवले गेले. वरच्या न्यायालयाची वाणी अशी अनेक मुखांतून येऊ लागली, की तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला न्यायाधीश सर्वात सुरक्षित वाक्य निवडतो. फेटाळलेला दावा अपिलात उलटला तर कोणी नाव घेत नाही. मान्य केलेला दावा उलटला तर त्याची नोंद होते. हा मानवी स्वभाव आहे, पण त्याची झळ एकाच वर्गाला लागते.

तरीही खालच्या न्यायासनाने धैर्य दाखवले तर काय घडते, याचा दाखला मुंबईत आहे. कंत्राटी कामगारांबाबत २००१ च्या घटनापीठाने कंत्राटबंदीनंतर कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत असे सांगितले, पण कंत्राट हा निव्वळ देखावा आहे काय हे औद्योगिक न्यायासनाने ठरवावे, ही वाट मोकळी ठेवली. अनेकांनी त्या निर्णयातला पहिला भागच वाचला. मुंबई महापालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांच्या वादात औद्योगिक न्यायाधिकरणाने दुसराही वाचला, पुरावा घेतला आणि कंत्राट खोटे ठरवून त्यांना पालिकेचे कामगार ठरवले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते टिकले.

तेथे निर्णय फिरला तो पुराव्यावर, आणि पुरावा गोळा करण्याचे काम वकिलाचे नसते, संघटनेचे असते. मंजूर आकृतिबंध, रिक्त पदांचे तक्ते, पदनिर्मितीसाठी खात्याने वर पाठवलेले आणि परत आलेले प्रस्ताव, दरवर्षीची रोजंदारीवरील खर्चाची रक्कम, हे सारे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येते. औद्योगिक न्यायालयातील तक्रारीला ही कागदपत्रे पहिल्याच तारखेला जोडलेली असली, आणि घटनापीठापुढे २००६ साली कोणता प्रश्न होता हे तक्रारीतच लिहिलेले असले, तर ‘उमादेवी’ एवढे म्हणून खाली बसणाऱ्या वकिलाला पुढचे वाक्यही बोलावे लागेल. आज पुष्कळ तक्रारींना जोडलेले असते ते फक्त एक ओळखपत्र, आणि तेही मुदत संपलेले.